मे-जूनमध्ये ऑन्टारिओत गळ टाकायचा, तर खर्च किती?

मे महिना लागला की टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडच्या मराठी घरांत मासे गरवायला जायची बोलणी सुरू होतात. तलावांवरचा बर्फ गेलेला असतो, उजेड रात्री साडेआठ-नऊपर्यंत टिकतो आणि भारतातून आई-बाबाही बहुधा याच दिवसांत आलेले असतात. मग पहिला प्रश्न येतो: लायसन्स लागते का, आणि केवढ्याला पडते? लागते. ऑन्टारिओत राहणाऱ्या प्रौढ माणसाचे काम पहिल्या वर्षी कार्ड आणि कर धरून चाळीस डॉलरच्या आत होते.

महाग पडते ती चुकीची तारीख. अमुक तलावात अमुक मासा कोणत्या शनिवारपासून खुला आहे, हे न पाहता निघालेल्या माणसाचे पेट्रोल जाते, होडीचे भाडे जाते, सुट्टीचा दिवस जातो, आणि वर दंडाची पावती हातात येऊ शकते. उलट ज्याने वेळापत्रक नीट वाचले, त्याला वर्षातले सगळ्यांत स्वस्त मासे याच सहा-सात आठवड्यांत मिळतात. कारण या दिवसांत मासा काठाजवळ असतो आणि होडीवाचूनही हाती लागतो. म्हणून हा हिशेब मी लायसन्सपासून सुरू करतो, पण जास्त जागा देणार आहे ती तारखांना आणि पाण्याला. सगळ्या रकमा कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत. लायसन्सचे दर गेली काही वर्षे प्रांताने तेच ठेवले आहेत. तरी पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा दर सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

लायसन्स कोणाला, केवढ्याला

दोन गोष्टी घ्याव्या लागतात. पहिली आउटडोअर्स कार्ड, किंमत ८.५७ डॉलर, तीन कॅलेंडर वर्षे चालते. दुसरी प्रत्यक्ष मासेमारीचे लायसन्स. त्याचे दोन प्रकार आहेत: स्पोर्ट लायसन्स वर्षाला २६.५७ डॉलर आणि कॉन्झर्वेशन लायसन्स १५.०७ डॉलर. या सगळ्यांवर १३ टक्के एचएसटी. म्हणजे कार्ड आणि स्पोर्ट मिळून ३९.७१ डॉलर, कार्ड आणि कॉन्झर्वेशन मिळून २६.७१ डॉलर.

दोन्हींत मासे पकडण्याचा हक्क सारखाच आहे. फरक आहे तो किती मासे ठेवून घेता येतात यात. राइस लेक आणि कवार्था तलावांच्या झोनमध्ये स्पोर्ट लायसन्सवर चार वॉलआय ठेवता येतात, कॉन्झर्वेशनवर एकच. बास सहा आणि दोन. पिवळे पर्च पन्नास आणि पंचवीस. वर्षातून चार-पाच वेळा सहकुटुंब जाणाऱ्या माणसाला कॉन्झर्वेशन पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे. पंचवीस पर्च साफ करायला बसलात की पन्नासांची हौस उरत नाही. मात्र घरात मासे आवडीने खाणारी माणसे असतील आणि तुम्ही मुख्यतः वॉलआयसाठी जाणार असाल, तर वरचे तेरा डॉलर भरावेत. एक मासा सहा माणसांत वाटला जात नाही.

तीन वर्षांचे लायसन्सही मिळते. स्पोर्ट ७९.७१, कॉन्झर्वेशन ४५.२१. आकडेमोड केली तर ही बरोबर तिप्पट रक्कम आहे, सूट शून्य. दर वर्षी नूतनीकरण करायचा कंटाळा असेल तर घ्या, पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. छंद मानवतो की नाही हे ठरायचे असेल तर एक वर्षाचेच बरे. लक्षात ठेवा की वार्षिक लायसन्स १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे चालते, खरेदीच्या दिवसापासून बारा महिने नव्हे. मे महिन्यात घेतलेले वसूल होते, ऑक्टोबरात घेतलेले होत नाही.

एका दिवसाचे लायसन्स १२.२१ डॉलरला मिळते आणि त्याला कार्ड लागत नाही. एकदाच जायचे असेल तर हेच घ्यावे. पण दोनदा घेतले की २४.४२ डॉलर होतात, आणि कार्डासकट वर्षाचे कॉन्झर्वेशन लायसन्स २३.६४ डॉलरला पडते. म्हणजे दुसरी फेरी नक्की असेल तर आधीच वार्षिक घेतलेले बरे.

अठरा वर्षांखालच्या आणि पासष्ट किंवा त्यावरच्या कॅनडावासीयांना लायसन्स लागत नाही. जवळ नाव आणि जन्मतारीख दाखवणारे सरकारी ओळखपत्र ठेवले की पुरे. मुलांना त्यांचा स्वतःचा स्पोर्ट लायसन्सइतका कोटा असतो. नुसते शेजारी बसून चहा पिणाऱ्याला अर्थातच काही लागत नाही. पण बाबा क्षणभर रॉड धरतात आणि दोरा टाकतात, तो क्षण मासेमारीचाच धरला जातो.

आता ज्या मुद्द्यावर आपली माणसे सर्वांत जास्त अडतात, तो. ऑन्टारिओचा रहिवासी कोणाला म्हणायचे? ज्याचे मुख्य घर या प्रांतात आहे आणि जो अर्जाआधीच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने इथे राहिला आहे त्याला. जानेवारीत शिकायला आलेला मुलगा मे महिन्यात या व्याख्येत बसत नाही, मग त्याच्याकडे इथला पत्ता, बँक खाते आणि फोन सगळे असो. त्याला परदेशी पाहुण्याचा दर: वर्षाचे स्पोर्ट ८३.१९, कॉन्झर्वेशन ५२.७१, आठ दिवसांचे अनुक्रमे ५४.३८ आणि ३१.५२, एका दिवसाचे २४.८६ डॉलर. अशा मुलाला माझा सल्ला एवढाच की हंगामाच्या सुरुवातीला एका दिवसाचे लायसन्स काढून हौस भागवावी आणि सहा महिने पूर्ण झाले की रहिवाशाच्या दराने वार्षिक घ्यावे.

परदेशी पाहुण्याचा हाच दर भारतातून आलेल्या आई-बाबांना लागतो. वय सत्तर असले तरी ज्येष्ठांची सवलत त्यांना नाही, कारण ती कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. फुकट मासेमारीचे जे दिवस प्रांत जाहीर करतो, म्हणजे मे महिन्यातला मदर्स डेचा शनिवार-रविवार, जूनमधला फादर्स डेचा शनिवार-रविवार आणि जूनच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा फॅमिली फिशिंगचा सप्ताह, तेही फक्त कॅनडावासीयांसाठीच आहेत. त्या दिवशी तुम्ही लायसन्सशिवाय गळ टाकू शकता, शेजारी बसलेले पुण्याचे बाबा टाकू शकत नाहीत. त्यांच्यासाठी एका दिवसाचे लायसन्स कर धरून २८.०९ डॉलरला पडते. ते खुशाल काढावे. आयुष्यभर नदीकाठी वाढलेल्या माणसाला परदेशात हातात गळ मिळतो तेव्हाचा त्याचा चेहरा पाहण्यासाठी ही रक्कम मोठी नाही. भारतातून आलेला अठरा वर्षांखालचा भाचा मात्र लायसन्सधारकाबरोबर असेल तर विनालायसन्स मासे पकडू शकतो. त्याने ठेवलेला मासा त्या लायसन्सधारकाच्या कोट्यात मोजतात.

फुकटच्या दिवसांत मासे ठेवायची मर्यादा कॉन्झर्वेशनचीच असते, हेही ध्यानात असू द्या.

तारीख चुकली की सगळे चुकले

ऑन्टारिओचे पाणी मासेमारीसाठी वीस झोनमध्ये वाटलेले आहे. नियम तलावागणिक आणि झोनगणिक बदलतात. म्हणून पहिले काम नकाशात आपला तलाव कोणत्या झोनमध्ये पडतो ते पाहणे. प्रांताचे फिश ऑन-लाइन नावाचे नकाशाचे साधन फुकट आहे. तलावावर बोट ठेवले की झोन, तिथले मासे आणि तिथे सरकारने सोडलेली मत्स्यबीजे दिसतात. वेळापत्रकाची पुस्तिकाही फुकट आहे. या दोन फुकट गोष्टी न वाचता दीडशे डॉलरचा रॉड घेणारी माणसे मी पाहतो तेव्हा मनापासून वाईट वाटते.

टोरांटोकरांना सोयीचा झोन १७. त्यात पीटरबरोच्या आसपासचे राइस लेक, पिजन, बकहॉर्न वगैरे तलाव येतात. इथे वॉलआयचा हंगाम मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो. बहुतेक वर्षी तो मदर्स डेच्या आदला दिवस असतो, म्हणजे हंगामाची सलामी आणि फुकटचा शनिवार एकत्र येतात. उत्तरेला हॅलिबर्टन-मस्कोकाकडे, झोन १५ मध्ये, तोच मासा एक आठवडा उशिरा, तिसऱ्या शनिवारी उघडतो. गाडीने तासा-दीड तासाचे अंतर, आणि एकीकडे जे कायदेशीर तेच दुसरीकडे गुन्हा. कारण साधे आहे: उत्तरेला पाणी उशिरा तापते, मासा उशिरा अंडी घालतो, त्याला सावरायला वेळ हवा.

झोन १७ मध्ये ठेवायचा वॉलआय ३५ ते ५० सेंटिमीटरच्या दरम्यानचाच हवा. लहान आणि मोठे दोन्ही परत. पन्नासच्या वरची मादी लाखांनी अंडी घालते, तिला पाण्यातच राहू द्यायचे आहे. मोजपट्टी दोन डॉलरला मिळते. ती विसरू नका, डोळ्यांचा अंदाज अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

झोनच्या नियमांवर पुन्हा एकेका तलावाचे अपवाद असतात. स्कूगॉग तलाव हे ठळक उदाहरण. तो टोरांटोला जवळ, झोन १७ मध्येच, पण तिथे वॉलआय बारा महिने बंद आहे, कारण त्याची संख्या घसरली. झोनचे पान वाचून थांबणारा माणूस इथे फसतो. अपवादांची यादी त्याच पानाखाली असते आणि ती वाचलीच पाहिजे. तशीच ‘फिश सँक्च्युअरी’ची यादी. धरणांखालचे, ओढ्यांच्या मुखाचे अनेक पट्टे वसंतात पूर्ण बंद असतात, मग तुम्ही कोणता मासा शोधता याला अर्थ नसतो.

बासचे काय? मे महिन्यात काठावर उभे राहिलात तर स्वच्छ पाण्यात बास डोळ्यांना दिसतात, आणि म्हणूनच मोह होतो. दक्षिणेकडच्या बहुतेक झोनमध्ये हा मासा जूनच्या तिसऱ्या किंवा चौथ्या शनिवारपर्यंत बंद असतो. पाणी पंधरा-अठरा अंशांवर आले की नर बास शेपटीने तळ साफ करून घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि नर अंड्यांची व पिल्लांची राखण करत बसतो. त्याला गळाला लावून वर काढले की दोन-चार मिनिटांत सनफिश आणि पर्च येऊन घरटे फस्त करतात. ‘पकडतो आणि सोडतो’ हा बचाव इथे चालत नाही. बंद हंगामात त्या माशाच्या मागे लागणे हेच बेकायदा आहे. दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला बास लागलाच, तर पाण्यातून फारसा वर न काढता लगेच सोडायचा आणि ती जागा सोडून पुढे सरकायचे. हा नियम मला या सगळ्या पुस्तिकेतला सर्वांत न्याय्य नियम वाटतो.

मग मे महिन्यात नवख्याने करायचे काय? पर्च, सनफिश, क्रॅपी. दक्षिणेकडच्या बहुतेक पाण्यांत हे वर्षभर खुले असतात, या दिवसांत उथळ खाडीत थव्याने येतात, गांडुळाच्या तुकड्याला लागतात आणि मुलांना कंटाळू देत नाहीत. वॉलआयची हौस नंतर.

कवार्थाच्या भागात आणखी एक गोष्ट दिसू शकते. राइस लेकच्या परिसरातल्या अनिशिनाबे समाजाला त्यांच्या करारांनी मिळालेले मासेमारीचे हक्क आहेत, आणि प्रांताचे हे वेळापत्रक त्यांना आपल्यासारखे लागू नाही. बंद हंगामात कोणी मासे पकडताना दिसले तर तो गुन्हाच असेल असे धरून वाद घालायला जाऊ नका.

पाणी कसे असते

मे महिन्याच्या मध्याला कवार्था तलावांचे पाणी दहा-बारा अंशांवर असते, उत्तरेला त्याहून गार. अशा पाण्यात उथळ, काळ्या तळाच्या, उत्तर काठाच्या खाड्या आधी तापतात, कारण त्यांच्यावर दक्षिणेचे ऊन दिवसभर पडते. लहान मासे तिथे जमतात, त्यांच्यामागे पाइक येतात. वॉलआय अंडी घालून झाल्यावर नदीच्या मुखाशी, पुलाखालच्या प्रवाहात, नव्या उगवणाऱ्या पाणवनस्पतीच्या कडेला भटकतात. त्यांच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो, म्हणून ते कमी उजेडात चांगले पाहतात आणि संध्याकाळी खायला निघतात. दुपारी तळपत्या उन्हात वॉलआयसाठी बसणाऱ्याने आशा ठेवू नये. सूर्यास्ताआधीचा एक आणि नंतरचा अर्धा तास साधावा. ढगाळ हवा आणि पाण्यावर हलक्या लाटा असतील तर दुपारही चालते.

लेक ट्राउटला गार पाणी लागते. मे महिन्यात वरचे पाणीही गार असल्यामुळे तो वर, काठाजवळ असतो. जूनच्या उत्तरार्धात वरचा थर तापला की तो खोल जातो आणि मग त्याच्यासाठी होडी, खोलीमापक आणि खास सामान लागते. अल्गॉन्क्विन पार्कमधल्या ब्रूक ट्राउटचेही तसेच. तिथे गाडीचा दिवसाचा परवाना सुमारे वीस डॉलर, आणि जिवंत मासा आमिष म्हणून जवळ बाळगायलाही मनाई आहे.

हाच सगळा खर्चाचा गाभा आहे. मे आणि जूनच्या मध्यापर्यंत मासा काठाच्या टप्प्यात असतो. जुलैत तो खोल जातो आणि त्याच्यामागे जायचे पैसे पडतात.

पण याच गार पाण्यात जीव जातात. हवा पंचवीस अंश, ऊन छान, अंगात टी-शर्ट, आणि पाणी दहा अंश. त्यात पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटात श्वास लागतो आणि तोंडात पाणी जाते. पुढची दहा मिनिटे हातपाय चालतात, मग स्नायू ऐकत नाहीत. पोहता येणारा माणूसही यातून सुटत नाही. भारतातून आलेल्या तरुण मुलांच्या बुडण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात आणि त्या वाचून माझा जीव तुटतो. होडीत प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. माझे म्हणणे आहे की ते सीटखाली न ठेवता अंगात घाला, आणि खडकावर किंवा धक्क्यावर उभ्या मुलांनाही घाला. चांगले जॅकेट साठ ते शंभर डॉलरला येते. पैसे कमी असतील तर रॉड स्वस्तातला घ्या, जॅकेट नाही. ऑन्टारिओच्या अनेक प्रांतिक उद्यानांत ते वापरायला उसने मिळते.

माश्यांचा विषय थोडक्यात सांगतो. ब्लॅक फ्लाय नावाची बारीक काळी माशी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, वाहत्या पाण्याजवळ आणि उत्तरेकडे जास्त असते. ती कानामागे आणि केसांच्या कडेला चावते आणि सूज येते. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँटचे पाय मोज्यांत खोचा, तीस डॉलरचे जाळीचे जॅकेट घ्या. घरी आल्यावर गोचीड तपासा, विशेषतः मुलांच्या काखा आणि मांड्या. दक्षिण आणि पूर्व ऑन्टारिओत लाइम रोग पसरवणारी गोचीड आहे.

सामान, होडी, वाटाड्या

काठावरून गळ टाकणाऱ्याला एक साधा स्पिनिंग रॉड-रीलचा संच चाळीस ते ऐंशी डॉलरला मिळतो. साडेसहा फुटांचा, मध्यम ताकदीचा घ्या. पर्चपासून पाइकपर्यंत सगळे निभते. गळ, शिसे, तरंगा, काही जिग, एक-दोन स्पिनर मिळून वीस-तीस डॉलर. पाइकसाठी तारेचा लीडर, नाहीतर त्याचे दात दोरा कापतात. लांब नाकाची पक्कड. डझनभर गांडुळांचा डबा पाच-सहा डॉलर. जाळे पहिल्या वर्षी नसले तरी चालते, पण मासा परत सोडायचा असेल तर रबरी जाळ्याने त्याची कातडी वाचते.

हे सगळे विकत घेण्याआधी एक रस्ता आहे. ऑन्टारिओ फेडरेशन ऑफ अँगलर्स अँड हंटर्स ही संस्था टॅकलशेअर नावाची योजना चालवते. ठिकठिकाणची उद्याने, कॉन्झर्वेशन एरिया आणि काही ग्रंथालये यांच्याकडून रॉड आणि सामान फुकट उसने मिळते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना हेच वापरा. मुलांना आवड लागली तर मग दुकानात जा.

होडी भाड्याने घ्यायची तर कवार्थाकडच्या मरिनांत चौदा-सोळा फुटांची ॲल्युमिनियमची छोट्या इंजिनाची होडी दिवसाला साधारण सव्वाशे ते दोनशे डॉलर, पेट्रोल वेगळे. डिपॉझिट मागतात. इंजिनाची होडी चालवायला प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागते. ते ऑनलाइन परीक्षा देऊन पन्नासेक डॉलरला मिळते आणि आयुष्यभर चालते. भाड्याच्या होडीसाठी मालकाने तुमच्याकडून सुरक्षेची यादी नीट समजावून भरून घेतली तर तेवढ्या वेळापुरते तेही चालते. जो मालक यादी न वाचता नुसती सही घेतो, त्याच्याकडून होडी घेऊ नका. कनू किंवा कयाक चाळीस-साठ डॉलर, कार्ड लागत नाही. पण मे महिन्यात नवख्याने कनूत बसणे मला पसंत नाही, कारण वर सांगितलेले गार पाणी. आणि होडीवर दारू नको. दारू पिऊन होडी चालवताना सापडलात तर गाडीचे लायसन्सही निलंबित होते.

वाटाड्या म्हणजे गाइड. दोघांसाठी अर्धा दिवस तीनशे ते साडेचारशे, पूर्ण दिवस पाचशे ते सातशे डॉलर, वर बक्षिसी. एकदा घेण्यासारखा खर्च आहे, पण पहिल्याच वर्षी नव्हे. आधी काठावरून वर्षभर शिका, मग तलावाबद्दल नेमके प्रश्न विचारता येतात. गाइड ठरवताना विचारून घ्या: सामान, आमिष, लाइफ जॅकेट रकमेत धरले आहे का, वादळ आले तर पैसे परत की दुसरी तारीख, आणि मासे साफ करून देणार का. तुमचे लायसन्स तुम्हालाच काढावे लागते.

राइस लेकला मिसिसागाहून जाऊन येऊन पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतात, साध्या गाडीला तीस-पस्तीस डॉलरचे पेट्रोल. गर्दीच्या वेळी ४०७ वरून गेलात तर टोल वर्षाच्या लायसन्सला सहज भिडतो. शनिवारी पहाटे ४०१ मोकळा असतो, लवकर निघा. एवढे लांब जायचे नसेल तर ब्रॅम्प्टनच्या हार्ट लेक कॉन्झर्वेशन एरियात ट्राउट सोडतात, फक्त प्रवेशशुल्क भरावे लागते, आणि लायसन्स तिथेही लागते.

आमिषाचे कायदे २०२२ पासून कडक झाले आहेत. प्रांताचे चार आमिष-विभाग केले आहेत आणि जिवंत किंवा मेलेले आमिषाचे मासे व जळवा एका विभागातून दुसऱ्यात नेता येत नाहीत. टोरांटोत घेतलेली मासळी उत्तरेला नेऊ नका, तलावाजवळच्या दुकानातून घ्या आणि पावती जपा. उरलेले आमिष किंवा त्याचे पाणी तलावात किंवा काठापासून तीस मीटरच्या आत ओतायला मनाई आहे. स्वतःची होडी असेल तर बाहेर काढल्यावर तळाचे बूच काढून पाणी सोडायचे आणि चिकटलेली वनस्पती काढायची, हाही कायदाच आहे. झेब्रा शिंपले आणि राउंड गोबी हे परके जीव अशाच बादल्या आणि होड्यांतून एका तलावातून दुसऱ्यात जातात. या सगळ्याच्या भानगडीत पडायचे नसेल तर गांडूळ वापरा, किंवा रबरी आमिष.

दोरा एका माणसाला एकच, असा उघड्या पाण्यातला सर्वसाधारण नियम आहे. शेजारी दुसरा रॉड फांदीला टेकवून ठेवू नका. अधिकारी आला तर लायसन्स फोनवर दाखवले तरी चालते. तो डबा उघडून मासे मोजेल, मापेल. त्याला तो अधिकार आहे. नियम मोडला तर दंड होतो, प्रकरण गंभीर असेल तर सामानही जप्त होते.

मासा घरी आणताना

मासे अशा रीतीने न्यायचे की कोणालाही ते मोजता यावेत आणि ओळखता यावेत. फिले काढलेत तर प्रत्येकावर कातडीचा तुकडा राहू द्या. लांबीची अट असलेला मासा, उदाहरणार्थ झोन १७ चा वॉलआय, घरी पोचेपर्यंत अख्खाच ठेवा, म्हणजे मापता येईल. सगळे फिले एका पिशवीत गोठवून त्याचा गठ्ठा केला की मोजणे अशक्य होते आणि दोष तुमच्यावर येतो. पकडलेला मासा विकता येत नाही. शेजाऱ्याला भेट देता येतो, पण तो तुमच्याच कोट्यात मोजला जातो. खाण्याजोगा मासा फेकून देणे हाही गुन्हा आहे. बर्फाची पेटी न्या. तीस-चाळीस डॉलरची चालते.

चवीचे सांगायचे तर वॉलआय, ज्याला इथले लोक पिकरेल म्हणतात, पांढराशुभ्र, काटे कमी, रव्यात घोळवून तळायला उत्तम. पर्च लहान पण गोड. चार-पाच पर्चचे फिले म्हणजे एका माणसाचे जेवण. पाइकचे मांस चांगले, पण त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात. गोड्या पाण्यातला मासा खाऊन वाढलेल्या विदर्भ-खानदेशच्या माणसाला त्याचे काही वाटणार नाही, सुरमई-पापलेटवर वाढलेल्याने आधी कोणाकडून तरी फिले काढायची रीत शिकून घ्यावी. आले-लसूण, हळद, चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवला की तळ्याचा उग्रपणा जातो.

किती खायचा, याचे उत्तर मात्र स्वयंपाकघरात मिळत नाही. प्रांताचे पर्यावरण खाते ऑन्टारिओतले मासे खाण्याविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध करते, तीही फुकट. त्यात तलाव शोधायचा, मासा शोधायचा, त्याची लांबी शोधायची, आणि महिन्याला किती वेळा खाल्ला तर चालेल तो आकडा मिळतो. गरोदर बाई, मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायका आणि पंधरा वर्षांखालची मुले यांचा आकडा वेगळा आणि कमी असतो. पारा माशाच्या मांसात साठतो, आणि जो मासा दुसऱ्या माशांना खाऊन वाढतो आणि जास्त वर्षे जगतो त्याच्यात जास्त साठतो. म्हणजे मोठा पाइक, मोठा वॉलआय, मोठा लेक ट्राउट. मांस धुऊन, शिजवून, तळून पारा जात नाही. लेक ऑन्टारिओच्या माशांत पीसीबीसारखी चरबीत साठणारी रसायनेही असतात. ती कातडी आणि पोटाची चरबी काढून टाकल्याने आणि जाळीवर भाजून चरबी गळू दिल्याने कमी होतात. घरात सून गरोदर असेल तर तिच्यासाठी पर्च आणि सनफिश वेगळे काढा, आणि तिच्या ताटात किती वाढायचे ते मार्गदर्शिकेतला त्या तलावाचा आकडा पाहून ठरवा.